एका माणसाची मॅकरोनी

मित्रा, पोरी, फोन जरा जवळ घे बाई. कानाला नको लावू, समोर धर, मला तुझं तोंड दिसू दे. आणि आधी ते भांडं खाली ठेव. भांड्यातूनच खातेस? तेही उभ्यानं, ओट्याला टेकून? घरातली ताटं काय भाड्यानं दिलीस?

परवा एवढं बोलून झालं आणि तुझ्या ऑफिसचा दुसरा फोन मध्ये घुसला. तू म्हणालीस, ‘मोठी आई, नंतर करते.’ तुझं नंतर मला ठाऊक आहे. म्हणून राहिलेलं लिहूनच काढते. फोनवर तसंही सगळं सांगता येत नाही, मध्येच आवाज तुटतो आणि माणूस ‘हॅलो हॅलो’ करण्यातच दमतं.

तू मला तुझा नवा विजेचा कुकर दाखवत होतीस. तेल, लसूण, टोमॅटो, पास्ता, पाणी, सगळं एकदम आत. झाकण लावलं, बटण दाबलं की आठ मिनिटांत जेवण. ‘भांडं एक, माणूस एक, कटकट शून्य,’ असं म्हणून हसलीस. मीसुद्धा हसले. पण फोन बंद झाल्यावर मांडीवरच्या परातीतल्या मटाराच्या शेंगा बराच वेळ तशाच पडून राहिल्या. माणूस एक, हे तू किती पटकन म्हणालीस गं.

इथे कोहरा उतरलाय. धुकं म्हणत नाही मी त्याला. धुकं आपल्याकडं सकाळी येतं आणि चहा होईपर्यंत जातं. लखनऊचा कोहरा पाहुण्यासारखा नाही, घरजावयासारखा येतो. दोन-दोन आठवडे सूर्य नाही. दोरीवरचे कपडे तीन दिवस ओले. समोरचं कडुलिंबाचं झाड नुसतं अंदाजानं तिथे आहे असं समजायचं. त्यातून सायकलची घंटी येते, मग आवाज येतो, ‘मटर ले लो, बख्शी का तालाब की मटर,’ आणि मग कितीतरी वेळानं माणूस दिसतो. गेली कित्येक वर्षं हा आवाज माझ्या गॅलरीखालून जातो. माणसं बदलली, सायकलीच्या जागी आता बॅटरीची गाडी आली, पण आधी आवाज आणि मग माणूस, हे काही बदललं नाही. आणि दरवर्षी तो पहिला आवाज आला की मला सत्त्याण्णवचा जानेवारी आठवतो. तुझा तेव्हा जन्मसुद्धा नव्हता.

तुझे मोठे बाबा त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात गेले. ऑफिसातून आले, सायकल जिन्याखाली लावली, वर येऊन म्हणाले, ‘सुलोचना, जरा पाणी दे.’ मी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही. नागपूरहून सगळे आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सगळे परत गेले. तुझी आजी म्हणाली होती, ‘चाल माझ्यासंगं.’ मी म्हटलं, क्वार्टर सोडायचं, कागदपत्रं करायची, दोन महिने लागतील. तुझे बाबा म्हणाले, ‘ठीक आहे वहिनी, जानेवारीत मी न्यायला येतो.’ मी हो म्हटलं. खरंच जायचंच होतं मला. या गावात माझं होतं कोण? पोरंबाळं नाहीत, भाषा धड येत नाही. भाजीवाल्याशी बोलताना ‘गवार है क्या’ म्हणायचे आणि तो ‘गँवार किसको बोला अम्मा’ म्हणायचा. अम्मा! छत्तीस वर्षांची होते मी.

मध्येच डिसेंबरात त्यांच्या कचेरीचं पत्र आलं. त्यांच्या जागी नाही, पण त्यांच्याच कचेरीत, हज़रतगंजला, आवक-जावक टेबलावर मला नोकरी मिळू शकत होती. जानेवारी संपायच्या आत हो की नाही कळवायचं. नोकरी हवी तर लखनऊ, लखनऊ नको तर नोकरी नाही. मी ते पत्र तांदळाच्या डब्यावर ठेवलं, म्हणजे रोज दिसावं. आणि रोज दिसतंय म्हणून मग कपाटात ठेवलं.

खरं सांगू का, मला नोकरीची भीती नव्हती. भीती होती ती स्वयंपाकघराची.

तुला हसू येईल. पण माझ्या हाताला दोन माणसांचं माप बसलेलं होतं. चौदा वर्षांचं. तांदळाच्या डब्यात हात गेला की दोघांचे तांदूळ यायचे. कणकेच्या डब्यात गेला की सहा पोळ्यांची कणीक. मी ठरवून निम्मं घ्यायचे, मग दुसरं काहीतरी मनात यायचं, आणि ताटात पाहावं तर पुन्हा दोघांचं. डाळीत पाणी दोघांचं. मीठ दोघांचं, म्हणजे डाळ कधी कमी केलीच तर खारट. पहिले काही दिवस मी उरलेलं रात्री झाकून ठेवायचे आणि सकाळी तेच खायचे, आणि सकाळी पुन्हा दोघांचं शिजवायचे. असं किती दिवस चालणार?

मग मी वाटी घेऊन खाली जायला लागले.

खाली राहायच्या सक्सेना बहनजी. शाळेत गणित शिकवायच्या, रिटायर झालेल्या, पुतण्याच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि पुतण्या सदा टूरवर. साठीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. संध्याकाळी सहाला मी वाटी नेली की चष्म्यावरून आधी वाटी पाहायच्या, मग मला.

‘आज फिर दो जनों का?’

‘हाँ बहनजी, ज़्यादा हो गया.’

‘रोज़ ज़्यादा होता है. दुकान खोल लो.’

पण घ्यायच्या. आणि दुसऱ्या दिवशी वाटी कधी रिकामी परत यायची नाही. रिकामं भांडं परत करू नये हे आपल्याकडं आहे तसं तिकडंही आहे. कधी दोन आवळे, कधी तीळगुळाच्या गजकचा तुकडा, कधी नुसती चिमूटभर साखर. ‘खाली कटोरी मुँह चिढ़ाती है,’ म्हणायच्या. सबंध दिवसात मी ज्या कुणाशी चार वाक्यं बोलायचे त्या याच. तीसुद्धा जिन्याच्या तळाशी, उभ्यानं, शाल घट्ट धरून.

एकदा मी वरणफळं केली. तुझी आजी करते तशी, तुरीच्या वरणात कणकेचे चौकोन सोडून, वर लसणाची फोडणी. बहनजींनी वाटीत चमचा घातला, एक चौकोन वर काढला आणि म्हणाल्या, ‘अरे, यह तो हमारे यहाँ का दाल का दूल्हा है!’

मी म्हटलं, ‘क्या?’

‘दाल का दूल्हा. दाल में आटे का दूल्हा बैठता है न.’ आणि मग म्हणाल्या, ‘अच्छा है, रोज़ हमारे घर बारात आती है. इस उमर में!’

म्हणाल्या आणि चमचा वाटीत सोडला. नवरा जाऊन तीन महिने झालेल्या बाईसमोर आपण काय बोलून गेलो, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी जीभ दाताखाली धरली. आणि मला हसू आलं मित्रा. असं आलं की जिन्याच्या कठड्याला धरावं लागलं. ऑक्टोबरपासून मी पहिल्यांदा हसत होते, आणि आवाज माझा मलाच ओळखीचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती मॅकरोनीनं भरून. कच्ची, वाळलेली, वाकड्या नळ्या. पुतण्यानं हज़रतगंजच्या दुकानातून पाकीट आणलं होतं. ‘यह मुए पाइप हमसे नहीं पकेंगे,’ बहनजी म्हणाल्या. ‘तुम्हीं इनका कुछ करो.’ मी ती वाटी तशीच फडताळात ठेवून दिली. करायचं काय त्याचं, मला तरी कुठं ठाऊक होतं?

त्याच आठवड्यात गॅस संपला. नंबर लावायला गेले तर गॅसचं पुस्तक तुझ्या मोठ्या बाबांच्या नावावर. नाव बदला, दाखला आणा, फोटो आणा, अर्ज करा. काउंटरवरचा माणूस चांगला होता बिचारा, पण कागदापुढे चांगुलपणाला काही किंमत नसते. दहा-पंधरा दिवस लागतील म्हणाला. स्टोव्हला घासलेट नाही. मग मला माळ्यावरचं खोकं आठवलं.

त्या काळी लखनऊची माणसं चार-चार जण मिळून जीप करायची आणि सीमेपलीकडे नेपाळगंजला जायची. छत्र्या, जाकिटं, टॉर्च, फॉरेनचं म्हणून मिळेल ते आणायची. तुझे मोठे बाबा एकदाच गेले ऑफिसच्या मित्रांबरोबर, आणि एक विजेचा कुकर घेऊन आले. तुझ्यासारखा नाही. पांढरा डबा, काचेचं झाकण, शिटीच नाही. खाली एक दांडी. ती दाबली की लाल दिवा लागायचा आणि पाणी आटलं की दांडी टक करून वर. मी त्यांना इतकी बोलले होते! ‘इथे संध्याकाळी दिवा लागायला वीज नाही, आणि हे वीज खाणारं भांडं?’ ते म्हणाले, ‘असेल तेव्हा लावू.’ ते ‘असेल तेव्हा’ कधी आलंच नाही. खोकं माळ्यावर गेलं ते गेलंच.

मी तो काढला, पुसला, धुतला. आणि त्याच्यात भात लावला. दोघांचा.

आता नीट ऐक. तुझे बाबा एका गुरुवारी सकाळी यायचे होते. बुधवारपासून मी तयारीला लागले. बहनजींचा हीटर, म्हणजे विजेची शेगडी, आणला, त्याच्यावर पुरणाच्या चार पोळ्या केल्या, झुणका केला, कुकरात भात. गुरुवारी दुपार झाली, गाडी नाही. कोहऱ्यात गाड्या अशाच. बहनजींनी शेजारून स्टेशनच्या चौकशीला फोन लावला. तिकडून सांगितलं, गाडी रद्द. म्हणजे आज येणार नाहीत आणि कधी येतील कुणास ठाऊक. पोळ्या, झुणका, सगळं बहनजींकडे गेलं, हीटरही गेला. मी त्या रात्री काही खाल्लं नाही.

शुक्रवारी दिवसभर सूर्य नव्हता. चार वाजताच अंधारून आलं. वीज होती, पण दाब इतका कमी की बल्बातली तार मोजता यायची. भूक लागली होती. खरीखुरी, पोटातली. बऱ्याच दिवसांनी. मी फडताळ उघडलं तर समोर मॅकरोनीची ती वाटी.

कुकरात चमचाभर तेल घातलं. ती दांडी मोठी खट्याळ, फोडणी तडतडायच्या आधीच टक करून उठायची, म्हणून बोटानं दाबून धरली. मोहरी, ठेचलेला लसूण, अर्धा कांदा, एक टोमॅटो, मूठभर मटार, लाल तिखट. मग वाटीत हात घातला, एक मूठ मॅकरोनी घेतली आणि आत टाकली. वर पाणी, मीठ, झाकण. वीस-पंचवीस मिनिटं काचेला घाम येत राहिला. शिटी नसल्यामुळे घर इतकं शांत होतं की आतली रटरट मोजत बसले.

आणि टक झालं तेव्हाच दार वाजलं.

दारात तुझे बाबा. मफलरीतून नुसते डोळे दिसत होते, आणि पापण्यांवर पाणी. ‘गाडी कानपूरपुढे रद्द झाली वहिनी. तिथून बसनं आलो. बस चालत नव्हती, सरपटत होती.’ मग माझ्याकडं पाहून, ‘काहून एवढ्या वाळल्या तुम्ही?’

‘बसा भाऊजी. पाणी देते.’

‘पाणी नको. जेवायला द्या बाप्पा. कालपासून चहा-बिस्किटावर आहे.’

मी लगबगीनं झाकण काढलं. आणि तशीच उभी राहिले.

आत एका माणसाचं होतं. ना एक नळी जास्त, ना एक कमी. एक ताट भरेल आणि भांडं रिकामं होईल, इतकं.

तुला कळेल का गं, घरी माणूस उपाशी आलाय आणि भांड्यात एकाचंच आहे, ही आपल्या बायकांना केवढी शरम असते? तीन महिने रोज एका माणसाचं उरत होतं, आणि ज्या दिवशी माणूस आला त्या दिवशी नाही. ‘बसा, आत्ता भात लावते,’ मी म्हटलं आणि तेवढ्यात वीज गेली. एवढी कुरकुरत होती, ती गेलीच.

अंधारात मी बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती पेटवली आणि उचलून जमिनीवर आणली. सगळं एका ताटात वाढून त्यांच्यापुढे ठेवलं.

‘आणि तुम्ही?’

‘माझं झालं.’

त्यांनी मोरीकडं पाहिलं. मोरीत एकही उष्टं भांडं नव्हतं. ‘खोटं बोलता येत नाही तुम्हाला,’ ते म्हणाले. ‘दुसरं ताट आणा.’

मी ताट आणायला उठले तर जिन्यात आवाज. एक पायरी, एक ‘हाय राम’, मग दुसरी पायरी. बहनजी. तीन महिन्यांत पहिल्यांदा जिना चढून वर येत होत्या. हातात टॉर्च, काखेत फडक्यात बांधलेल्या रोट्या.

‘सुलोचना! ज़िंदा हो?’

‘हाँ बहनजी. क्या हुआ?’

‘आज कटोरी नहीं आई. छह कब के बज गए. हमने सोचा बीमार पड़ गई.’ दारातच थांबून त्यांनी टॉर्च आधी तुझ्या बाबांवर टाकला, मग ताटावर, मग रिकाम्या कुकरात. गणिताच्या बाई. एका नजरेत हिशेब झाला त्यांचा.

‘आज एक ही का बनाया?’

त्यांनी विचारलं आणि तेव्हा मला कळलं. तोपर्यंत मी फक्त शरमेनं मरत होते. आता लक्षात आलं की झालं काय. भाताला, कणकेला, डाळीला तुझ्या मोठ्या बाबांची सवय होती. त्या नळ्या मात्र त्यांच्यासाठी मी कधी शिजवल्याच नव्हत्या. म्हणून हात चुकला नाही. हातानं बरोबर एकाचं घेतलं. मला आनंद व्हायला हवा होता, तीन महिने मी हेच तर शिकत होते. पण मला वाटलं, आत्ता, या मिनिटाला, ते या घरातून गेले. ऑक्टोबरात नाही, आज. मी तिथेच कुकरापाशी बसले आणि रडले. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

बहनजी कण्हत-कुथत माझ्याजवळ जमिनीवर टेकल्या. कसल्या सांत्वनाच्या गोष्टी नाहीत, काही नाही. रोट्यांचं फडकं सोडत म्हणाल्या, ‘हमें आठ बरस लगे थे. आठ बरस मास्टर जी की थाली लगाते रहे. तुम तो तीन महीने में पास हो गईं.’ त्यांचे यजमानही मास्तर होते, तरुणपणीच गेलेले, हे मला त्या दिवशी कळलं. मग तुझ्या बाबांकडं वळून म्हणाल्या, ‘और आप देवर जी, खाइए. ठंडे पाइप किसी काम के नहीं.’

तिघांनी मिळून ती एका माणसाची मॅकरोनी खाल्ली. रोटीशी. प्रत्येकाच्या वाट्याला चार घास आले असतील. तिखट जास्त झालं होतं. तुझ्या बाबांचं नाक वाहत होतं, तिखटानं की कशानं, मी विचारलं नाही.

सकाळी ते गॅलरीत चहाचा पेला धरून उभे होते. समोर काही दिसत नव्हतं तरी पाहत होते. खिशातून त्यांनी परतीची दोन तिकिटं काढली.

‘वहिनी, मी तुम्हाला न्यायला आलो होतो.’

‘हो.’

‘मले वाटलं होतं, तुम्ही इथे त्यांच्या आठवणीत बसून असाल. अशा माणसाला उचलून न्यावं लागते.’ त्यांनी पेला कठड्यावर ठेवला. ‘काल पाहिलं तर तुम्ही आपल्यापुरतं शिजवून राहिल्या. अशा माणसाला मी कुठं नेऊ? तिकडं तुम्ही आमच्या घरात असाल. इथे तुमच्या घरात आहा.’

मी कपाटातलं पत्र आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांना नोकरीचं ठाऊकच नव्हतं. त्यांनी दोनदा वाचलं. मग एक तिकीट फाडलं नाही, काही नाटक केलं नाही. खिशात परत ठेवत म्हणाले, ‘एक स्टेशनवर परत करून देतो.’

निघताना जिन्यात वळले. ‘आईला काय सांगू?’

‘सांगा, वहिनीला नोकरी लागली.’

‘तिले नोकरीचं काही नाही. ती एकच विचारीन, सुलोचना जेवते का?’

‘जेवते म्हणावं.’

सोमवारी मी तुझ्या मोठ्या बाबांचीच जुनी रेनकोटची पिशवी घेऊन हज़रतगंजला गेले आणि हो म्हणून सही केली. बावीस वर्षं नोकरी केली. हिंदी इतकी आली की आता तुझ्याशी बोलताना मध्येच ‘अच्छा’ निघतं आणि तू हसतेस. बहनजी त्यानंतर सहा वर्षं होत्या. रिटायर झाल्यावर मी याच गल्लीत ही दोन खोल्यांची जागा घेतली. लोक म्हणतात, किती हिमतीची बाई. मीही म्हणू देते. खरी गोष्ट अशी की त्या निर्णयात मला सुटल्यासारखंही वाटलं होतं आणि हरवल्यासारखंही, आणि ती दोन्ही अजून एकाच घरात राहतात. काही संध्याकाळी वाटतं, बरं झालं राहिले. काही संध्याकाळी कोहऱ्यात खिडकी पांढरी होते आणि वाटतं, नागपूरला आत्ता सगळे ताटावर बसले असतील, कुणीतरी कुणाला तरी ओरडत असेल, आणि मी इथे चमच्याचा आवाज ऐकत बसलेय. एकट्या माणसाच्या जेवणात चमचा फार मोठ्यानं वाजतो गं.

तुझ्या बाबांनी मात्र एक केलं. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी फोन. आधी बहनजींच्या शेजारी यायचा, मग माझ्या घरी, मग मोबाइलवर. काही फार बोलायचे नाहीत. ‘वहिनी, काय शिजलं?’ मी सांगायचे. ‘बरं. जेवा मग.’ बस. तुला तेव्हा वाटत असेल, बाबा रविवारी सहा वाजता गॅलरीत जाऊन कुणाशी बोलतात. माझ्याशी.

मागच्या वर्षी ते गेले तेव्हापासून रविवारचे सहा वाजतात आणि कुणी विचारत नाही. मी तक्रार करत नाही, सांगतेय फक्त. आणि तू तिकडं पुण्यात, बाबा शेवटी तुझ्यापाशी राहत होते त्याच घरात, आता त्यांच्याविना, एकाच भांड्यात एकाचं शिजवतेस, आणि त्याच भांड्यातून उभ्यानं खाऊन मोकळी होतेस. तुला एकाचं माप जमलंय, पोरी. किती दिवसांत जमलं, मी विचारणार नाही. पण तुला ते जमलं त्या दिवशी तुझ्याजवळ जिना चढून कुणी आलं नसेल, हे मला परवापासून टोचतंय.

म्हणून ये. दिवाळीला नको, सुट्टी मिळेल तेव्हा नको, आत्ता ये. मटार फेब्रुवारीभर असतो. थंडी आहे, रजाई नवी भरून घेतलीय. गाडीला उशीर होईल, होऊ दे, मी चारबाग स्टेशनवर येऊन बसते, मला दुसरं काम काय? गुडघे कुरकुर करतील, त्यांना आपण दोघी मिळून रागावू. काही आणू नकोस, चितळ्यांच्या बाकरवड्या वगैरे काही नको. नुसती ये आणि चार दिवस माझ्यासमोर बसून जेव. ‘बघते’ म्हणू नकोस, मित्रा. तारीख सांग. आणि जवळची सांग.